चांदीवाली, सायकलवाली आणि आमची सातेरी

देवबाग,
१२ ऑगस्ट २००६

ती. दादास,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

परवा नारळीपौर्णिमेला नाना आणि वाड्यातली मंडळी वाजतगाजत समुद्राला नारळ देऊन आली. घरी सगळे खुशाल. फोनवर नाना कानाला यंत्र लावून नुसते ओरडतात, आणि तीन मिनिटांत माझं अर्धंही सांगून होत नाही, म्हणून हे पत्र.

आधी वाईट बातमी. नानांचा गुडघा आता जाळं ओढू देत नाही, आणि ट्रॉलरवाले मासळी ठेवतात कुठे? वेंगुर्ल्याचा भिकाजी आपली होडी, सातेरी, विकत मागतोय. दिवाळीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. नाना जवळजवळ हो म्हणालेत आणि तेव्हापासून किनाऱ्यावर होडीकडे बघत बसतात. पानात वाढलेलं तसंच राहतं. दादा, होडी गेली तर हा माणूस वर्ष काढणार नाही, असं मला स्पष्ट दिसतंय.

आता माझी युक्ती. तारकर्लीला पर्यटक किती येतात तुला माहीत आहे. पण कर्लीच्या खाडीत त्यांना थाटात फिरवणारं कोणी नाही. तू त्या युरोपातल्या नद्यांवरच्या बड्या बोटींवर नोकरी करतोस. कुठली कंपनी काय करते, कोणाचं चांगलं, कोणाचं वाईट, सगळं सविस्तर लिही. त्यातलं उत्तम ते आपण उचलू. नानांशी ठरलंय, दिवाळीच्या आत एक फेरी करून बघायची. जमली तर होडी राहील, नाहीतर भिकाजीची.

बाकांसाठी होडीचं माप घेतलं. म्हणजे नाना आत उभे राहून वितींनी मोजत होते आणि मी वाळूत उभी राहून लिहून घेत होते. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे, बाईमाणसाने होडीत पाय ठेवायचा नाही. होडीला नाव देवीचं आणि आम्ही बायका बाहेर, असं मी म्हटलं तर आईने डोळे वटारले.

माया आहेच, ती पत्राच्या लांबीत दिसू दे.
तुझी,
वर्षाली

---

पासाऊ, डॅन्यूब नदी,
२७ ऑगस्ट २००६

चि. वर्षालीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि रेडीच्या लवूलाही वाचून दाखवलं. तो शेजारच्याच बोटीवर असतो, आज दोन्ही बोटी एकाच धक्क्याला लागल्या आहेत. पोरी, तुझं डोकं नानांवर गेलंय. आज इथे गणपतीचा दिवस असून मोदक नाही, पण तुझ्या पत्राने तोंड गोड झालं.

आता ऐक. मी आधी दोन वर्षं होतो त्या कंपनीला आम्ही म्हणतो चांदीवाली. ताटाभोवती चांदीचे सात काटेचमचे, न्हाणीघराला संगमरवर, आणि खोलीतली घंटी वाजली की धावायला खास माणूस, म्हणजे मी. टॉवेलचा हंस करायला शिकण्यात माझे बारा दिवस गेले. पण रात्री जेवायला कोट घालावा लागतो, म्हणून माणसं संध्याकाळभर कपाटापुढे उभी. एका बाईंनी पाचव्या दिवशी मला विचारलं होतं की ही नदी कुठली.

लवूची ती छत्रीवाली. तिथे सगळं तिकिटातच. प्रत्येकाला छत्री, दुर्बीण, किनाऱ्यावर फिरवायला झेंडा धरलेला माणूस. सोय उत्तम, पण सगळे शाळेच्या सहलीसारखे रांगेत. झेंडा वळला की माणसं वळतात.

मी यंदा आहे ती सायकलवाली. बोट जुनी, खोल्या लहान, चांदी औषधालाही नाही. पण आचारी रोज त्या त्या गावच्या बाजारात जाऊन ताजं आणतो, कप्तान पाहुण्यांच्या पंगतीत जेवतो, आणि ज्याला हवं तो सायकल घेऊन काठाकाठाने पुढच्या गावी बोट गाठतो. इथेच माणसं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येतात. एका म्हाताऱ्यांना मी कारण विचारलं, तर म्हणाले की इथे माझं नाव लोकांना माहीत असतं. हंसाची घडी मी गेले पाच महिने केलेली नाही आणि कोणी विचारलेलंही नाही. तेव्हा माझं मत सायकलवालीला.

आणि नानांना एक खास सांग. आमच्या बोटीची दुय्यम कप्तान बाई आहे. धरणाच्या अरुंद दारातून ती एवढी मोठी बोट अशी काढते की आईने तव्यावरून घावन काढावा.

आईनानांना साष्टांग नमस्कार. तुझी बाकं कशी झाली ते कळव, माझा जीव तिकडेच लागलाय.
तुझा,
निकेतदादा

---

देवबाग,
१२ सप्टेंबर २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पडवीत मोठ्याने वाचलं. ऐकायला शेजारपाजारही जमला. कप्तानबाईचं ऐकून नाना म्हणाले, त्यांची न्हंय, त्यांची रीत. म्हणजे नदी त्यांची, आपल्याला काय त्याचं. आईला मात्र ते पान पुन्हा वाचून हवं होतं. मी टॉवेलचा हंस करून बघितला, तर आईने विचारलं, ह्या बदक कोणी मोडल्यान?

तर ठरलं, आपण सायकलवालीच्या वाटेने जायचं. पाहुण्यांना जेवण आपल्या चुलीवरचं. शिंपल्यांतून काढलेल्या तिसऱ्यांचं सुकं, घावन, सोलकढी. नाना त्यांच्याबरोबर बसून जेवतील. छत्रीवालीची फक्त छत्री घेतली. वाड्यात हिंडून आठ गोळा केल्या, एकीचा रंग दुसरीला नाही. दांडे मात्र सगळ्यांचे शाबूत आहेत.

आणि पाहुणेही मिळाले! कोल्हापूरच्या रुक्मिणीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, घरच्यांसकट सहाजणं. चार बायका, दोन पुरुष. रविवार, १५ ऑक्टोबर. नानांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, बायकांची व्यवस्था माझ्याकडे लागली. परक्या बायकांना रीत लागू नसावी बहुतेक. दादा, मला रात्री झोप लागत नाही, इतका आनंद झालाय!

आशीर्वाद असू देत, आणि सल्लेही.
तुझी,
वर्षाली

---

व्हिएन्ना,
२ ऑक्टोबर २००६

चि. वर्षालीस,
अनेक आशीर्वाद.

आठ छत्र्यांचं वाचून लवू हसून हसून खाली बसला. पण एक शंका मला खाते आहे. व्यवस्था म्हणजे नक्की काय, हे नानांना सरळ विचारलंस का? आजोबांचा शब्द होता की बाई चढली तर जाळं रिकामं येईल, आणि नानांनी तो शब्द कधी मोडलेला नाही. तुम्ही दोघं चमच्यापासून छत्रीपर्यंत सगळं बोललात आणि मुख्य ते राहिलं असं नको व्हायला. फोन नाना घेतात, त्यांना हे ओरडून कसं विचारू? हे पत्र वेळेत पोचो. पंधरा तारखेला मी इथे ताटं पुसताना मनाने तिकडेच असेन.

घाईत लिहितोय, राग मानू नको, उत्तर मात्र लगेच धाड.
तुझा,
निकेतदादा

---

देवबाग,
१८ ऑक्टोबर २००६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोळा तारखेला आलं. एक दिवस उशिरा! आता पहिल्यापासून सांगते.

रविवारी सकाळी पाहुणे आले. बायकांच्या डोक्यावर मोठाल्या टोप्या, गळ्यात कॅमेरा. सातेरी नवी बाकं घालून पाण्यात तयार. नानांनी पांढरा सदरा घातलेला. त्यांनी दोघा पुरुषांना हात देऊन चढवलं, आणि मग चारही बायकांना अदबीने नमस्कार करून रस्त्यावर घेऊन गेले. तिथे आपल्या वाड्यातल्या बाबलीची रिक्षा उभी! नाना म्हणाले, बायलमाणसांका रस्त्यान, बापयांका पाण्यान, नेरूरपारच्या पुलाखाली सगळे एकत्र जेवूया. ही व्यवस्था! बाबलीने रिक्षा धुऊन हारसुद्धा घातला होता. दादा, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. चूक माझीच. तू म्हणालास तेच, मुख्य ते मी विचारलंच नव्हतं.

रुक्मिणीबाई रागावल्या नाहीत. आई डबे घेऊन उभी होती, तिला त्यांनी विचारलं की पाण्यावरून हा किनारा कसा दिसतो. आई म्हणाली की तिला काय माहीत. चौतीस वर्षं या होडीची मासळी तिने मालवणच्या बाजारात विकली, जाळी शिवली, पण आत कधी बसली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली. त्यावर बाई म्हणाल्या की मग आम्हीही तुमच्याबरोबर रिक्षानेच येऊ, तुम्ही चढाल त्या दिवशी आम्ही चढू.

नानांनी दोर सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. दोघे पुरुष होडीत ओशाळून बसलेले. मी मनात म्हटलं, संपलं, होडी भिकाजीची झाली. मग नाना पाण्याकडे बघत म्हणाले, जाळी तशीय रिकामीच येतत. आणि आईला म्हणाले, पयलो पाय तुझो, परक्याचो नको.

आईने आधी नाहीच म्हटलं. लुगड्याला मासळीचा वास, काय नि काय. मग पाण्यात पाय धुतले आणि नानांचा हात धरला. चारचौघांत तिने त्यांचा हात धरलेला मी पहिल्यांदाच बघितला. मला रडूच आलं. तिच्यामागून बाकीच्या चढल्या, सगळ्यांत शेवटी मी, आणि घाईत नडगी फोडून घेतली. बाबली रिकामी रिक्षा घेऊन नेरूरपारला आला, जेवून गेला.

खाडीत थोडं आत गेल्यावर आईने मागे वळून आपलं घर आणि वाळूचा तो तुकडा बघितला, जिथे ती रोज होडीची वाट बघत उभी राहते. तिने नानांना विचारलं, मी तिथे उभी असायचे ती इथून दिसायचे का? नाना इंजिनाकडे बघत म्हणाले, रोज.

पाहुण्यांनी तिसऱ्या दोनदा मागून घेतल्या. त्यांच्या ओळखीची नऊ माणसं दिवाळीनंतर येणार आहेत. नाना दोन दिवस पोटभर जेवतायत.

काल भिकाजी उत्तर मागायला आला. नाना त्याला चहा देऊन आईकडे बघत म्हणाले, आमच्या मंडळींनी अजून पुरी खाडी बघूक नाय. तवसर होडी इकूची नाय.

दिवाळीचा नमस्कार. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
वर्षाली