चार वाजताचा फोन

शिरूर
६ सप्टेंबर २००९

ती. आबांस,
गौतमीचा सविनय जयभीम. आईलाही सांगा. वि. वि.

दर रविवारी सातला फोन करणारी पोरगी आज पत्रावर कशी आली, म्हणून चष्मा पुसायला घ्याल. माझा मोबाईल बिघडलाय. दुकानदार आज देतो, उद्या देतो करतोय, तोवर पत्रावर भागवून घ्या. तसंही फोनवर सगळं तुम्हीच बोलता आणि आईच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. आता तेवढं भांडण तरी मिटेल.

स्वाइन फ्लूची साथ इकडं जोरात आहे. पुण्यातली हॉस्पिटलं भरली, म्हणून आमच्याकडं वरच्या मजल्यावर सात खाटांचा वेगळा वॉर्ड केलाय. माझी ड्युटी तिथंच लागली. मास्क असतो, गोळ्याही दिल्यात, काळजी नको. हात तेवढे धुऊन धुऊन सोलपटलेत. तुम्ही स्टेशनातल्या गर्दीत गप्पा मारायला जाऊ नका. जेवण बरं आहे. झोप लागते.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
आपली,
गौतमी


दौंड
१२ सप्टेंबर २००९

चि. गौतमीस,
आबा आन् आईकडून जयभीम आन् भरपूर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. आईला दोन वेळा वाचून दाखवलं. कोंबडीनं अकरा पिल्लं काढली, त्यातलं एक मांजरानं नेलं. हौदाजवळच्या पेरूला यंदा लय फळ हाय. तू आलीस तर खाशील, न्हाईतर पोपट हायेतच.

आता माझं ऐक. छत्तीस वर्षं रेल्वेचं गेट सांभाळलंय मी. गाडी दिसायच्या आधी मला कळायचं. झोप लागते का असं आम्ही विचारलंच न्हवतं, तरी तू लिहिलंस. आन् मोबाईल बिघडलेला न्हाई. परवा मी लावला तवा घंटी वाजत हुती, वाजून वाजून बंद झाली. मी रागावलो न्हाई. पण तुझी आई रविवारी सातला पदराला हात पुसत फोनजवळ स्टुलावर बसती आन् आठला उठती. तिला मी काय सांगू, ते तूच लिहून पाठव.

माया कमी करू नको.
तुझा,
आबा


शिरूर
१९ सप्टेंबर २००९

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

खोटं लिहिलं, माफ करा. मोबाईल चांगला आहे. तो मी गोधड्यांच्या पेटीत तळाला ठेवलाय. वाजला की मी उठून बाहेर जाते.

त्या वॉर्डात नातेवाइकांना येऊ देत नाहीत. म्हणून रोज दुपारी चारला प्रत्येक पेशंटच्या घरी फोन करून तब्येत सांगायची, असं ठरलं. माझा आवाज गोड, म्हणून मेट्रनबाईंनी ते काम मला दिलं. खाली ऑफिसात बसायचं, सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी लिहिलेला कागद पुढं ठेवायचा आणि एकेक नंबर लावायचा.

सात नंबरच्या खाटेवर कारेगावची अंजना होती. चोवीस वर्षांची. नवरा नवनाथ कंपनीत, घरी तीन महिन्यांची पोर. अठ्ठावीस ऑगस्टला सकाळी तिचा ताप उतरला. मी तिला भाताची पेज भरवली, चार चमचे घेतली तिनं. म्हणाली, मी जेवले म्हणून ह्यांना आठवणीनं सांगा, नाहीतर तेही जेवत नाहीत. चारला मी पहिल्या खाटेपासून फोन करत गेले, तिचा नंबर शेवटी आला. नवनाथला सांगितलं की बरी आहे, पेज घेतली, दोनतीन दिवसांत घरी सोडतील. तो फोनवर हसला, आबा. आणि मी तिसऱ्या घरी बोलत होते तेव्हाच वर अंजना गेली होती. एकाएकी धाप लागली, सगळे तिच्याभोवती धावले, खाली येऊन मला सांगायचं कुणाला सुचलं नाही.

सहाला तो आला. खांद्यावर पोर, हातात पेजेचा डबा. त्याला सांगायला मलाच बोलावलं, कारण तो माझा आवाज ओळखत होता. तो भांडला नाही. तुम्ही तर बरी हाय म्हणाला हुतात, एवढंच म्हणाला आणि डबा माझ्या हातात दिला.

त्यानंतर चार दिवस मी फोन केले. पाचव्या दिवशी रिसीव्हर कानाला लावून नुसती बसून राहिले, नंबर लावता येईना. मेट्रनबाईंनी आठ दिवस रजा दिली आणि कागदावर अशक्तपणा लिहिलं. मनाचं काही लिहिलं तर नावाला चिकटतं म्हणाल्या. रजा संपली, दुसरी घेतली. कधी कधी सकाळी उठूच नये असं वाटतं. नोकरी सोडते, आबा. आईला यातलं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

रागावला तरी लोभ ठेवा.
आपली,
गौतमी


दौंड
२३ सप्टेंबर २००९

चि. गौतमीस,
जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि.

आईला सगळं वाचून दाखवलं, एक शब्द गाळला न्हाई. ती उठून कोंबड्यांना दाणे टाकून आली. मग म्हणाली, तिला सायकलवाल्याचं लिहा. तुम्हा पोरांना ते कधी सांगितलं न्हवतं.

एक्याऐंशी साल. गेटाच्या केबिनात फोन असायचा. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर इचारायचा, गेट बंद हाय का. मी बंद हाय म्हणलं की मगच गाडी सुटायची. त्या दिवशी मी बंद हाय म्हणालो आन् ते बंदच हुतं. त्यानंतर गाडी जवळ आली तवा एक माणूस सायकल आडवी करून गेटाखालनं घुसला आन् गाडीखाली गेला. चौकशीत माझी काही चूक न्हाई असं लिहून आलं. तो कागद अजून पेटीत हाय, त्याचा मला काडीचा उपेग झाला न्हाई. फोन वाजला तरी उचलवत न्हवता. तवा तू पोटात हुतीस. तुझी आई डबा घेऊन यायची आन् दिवसभर केबिनच्या पायरीवर बसायची. फोन वाजला की नुसती माझ्याकडं बघायची, मग मी उचलायचो. पाच महिने असं चाललं.

तुझं चुकलं न्हाई असं मी लिहीत न्हाई. ते तुला सगळ्यांनी सांगितलंच आसंल, आन् ते ऐकू येत न्हाई हे मला ठाव हाय. नोकरीचं मागनं बघू. मंगळवारी पहिल्या एस.टी.नं मी येतोय. पुण्याला सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर बसतो, त्याच्याकडं दोघं जाऊ. लोक काय म्हणतील ते माझ्याकडं सोड, बंद गेटावर लय शिव्या खाल्ल्यात मी. तोवर एकटी राहू नको, शेजारच्या खोलीतल्या नर्सबाईला संगं झोपायला बोलाव.

आन् एक. पेजेचं खरं हुतं, हे त्या नवनाथला कुणी सांगितलंय का? त्याला सगळंच खोटं वाटत आसंल.

तुझ्यावर जीव असलेला,
आबा


शिरूर
१८ ऑक्टोबर २००९

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

काल परत पुण्याला जाऊन आले. डॉक्टरांनी त्याच गोळ्या ठेवल्या, पंधरा दिवसांनी बोलावलंय. तुम्हाला विचारत होते. एवढं बोलणारा बाप आहे तर अर्धं काम झालं म्हणाले. फार फुगू नका.

आज कारेगावला गेले. दारातनंच परतणार होते, पण नवनाथनं आत बोलावलं. मी त्याला पेजेचं सांगितलं. चार चमचे घेतली, तिसऱ्यालाच नको म्हणाली होती, चौथा तुमच्या नावानं घेतला. त्यानं मला तीनदा सांगायला लावलं. गरम होती का, मीठ होतं का, विचारलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की ती उपाशी गेली आणि मी कागदावरचं काहीतरी वाचलं. मग तो भिंतीला टेकून खूप रडला. मीही रडले. पोर मधे पालथी पडून आमच्याकडं बघत होती.

निघताना म्हणाला, त्या दिवशी चार ते सहा आमच्या घरी ती बरी झाली हुती. त्यानं ते कशा अर्थानं म्हटलं ते मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. ते दोन तास मी त्याला दिले की त्याचे घेतले, कोण जाणे.

फोनचं अजून जमत नाही. मोबाईल पेटीतून काढून खिडकीत ठेवलाय. एवढं आईला सांगा.

तुमच्या मायेवरच उभी असलेली,
गौतमी


दौंड
२६ ऑक्टोबर २००९

चि. गौतमीस,
जयभीम आन् आशीर्वाद. वि. वि.

काल सातला आपला फोन वाजला. आईनं मला हात लावू दिला न्हाई, तिनंच उचलला. पलीकडनं कुणी बोललं न्हाई. तिनंही कोण म्हणून इचारलं न्हाई. पिल्लांचं सांगितलं, पेरूचं सांगितलं, मी घोरतो तेही सांगितलं. मग सांगायचं संपलं, तरी स्टुलावर तशीच बसून राहिली, रिसीव्हर कानाला. शेवटी म्हणाली, जेवलीस का. मग जरा थांबून फोन ठेवला आन् मला म्हणाली, पोरगी जेवली.

ती बोलली का, मी इचारलं. न्हाई, म्हणाली. आन् मग दीड महिन्यात पहिल्यांदा तुझ्या आईनं भाकरी पोटभर खाल्ली.

म्हणून इचारतो. खरंच जेवली हुतीस का? नसशील जेवली तर तसं लिही. मी तिला तेच वाचून दाखवीन.

पत्राची वाट बघणारा,
आबा