शिरेवरचा ठिपका

चिरंजीव धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझे पोट आता बरे आहे. तोंड नसते तर मी सगळाच बरा असतो.

तुझा नातू माझ्याच वॉर्डात शिकायला येतो, म्हणून घरचा डॉक्टर असल्याचे मी शेजारच्या खाटेपर्यंत (आणि एकदा जिन्यापर्यंत) मिरवून घेतले. पोरगा पहिल्या फटक्यात शीर धरायचा. कशी, ते मला ठाऊक नव्हते. इथल्या सिस्टर तशा खाष्ट. पोरांना सर्वांदेखत फैलावर घेतात. पण पोरे यायच्या आधी त्याच गुपचूप शीर चाचपून पेशंटच्या हातावर पेनाने बारीक ठिपका ठेवतात, आणि पोरे नेमकी तिथे सुई घालतात. त्याबद्दल दोन्हीकडून अवाक्षर निघत नाही.

मंगळवारी सिस्टर हात चाचपून गेल्यावर माझ्या हातावर ठिपका दिसला. मला वाटले, त्यांच्या पेनाची शाई सांडली. (माझी स्वच्छता तुला माहीतच आहे.) थुंकी लावून पुसून टाकली. पोराने चारदा टोचले, त्याला घाम फुटला, मी ओरडलो. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. आपल्या पोराची बाजू सावरावी म्हणून मी म्हणालो, "पोराचा दोष नाही साहेब. ही बाई शिकवत काही नाही, नुसते हातावर ठिपके काढते."

झाले. साहेबांनी सिस्टरना सगळ्यांसमोर झापले. पोरगा जाता जाता एवढेच म्हणाला, "आजोबा, तो ठिपका माझ्यासाठी होता." तेव्हापासून तो लाजेने वॉर्डात फिरकलेला नाही. हजेरी बुडाली तर परीक्षेला बसू देणार नाहीत म्हणे. सिस्टरची माफी मागायला मी तीनदा तोंड उघडले, आणि तीनदा त्यांनी त्यात थर्मामीटर घातला.

तुझा, मान वर न होणारा,
थोरला

ता. क. उजवा हात सुजल्यामुळे हे पत्र सिस्टरच लिहून घेत आहेत. तोंडावर बोलणे जमेना, म्हणून तुला सांगितले. 'खाष्ट'पाशी पेन जरा थांबले, पण लिहिले. पोराला परत येऊ द्याल का, हे सिस्टरना विचारायचे धाडस अजून होत नाही.

आणखी एक ता. क. (हे आजोबांना वाचून दाखवणार नाही.) पत्र मिळाले की नातवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाठवा. ठिपका मिळणार नाही, पण शीर बोटाने कशी ओळखायची ते मी शिकवीन. सरावाला आजोबांचा डावा हात मोकळा आहे.