ऐकू येईल तसं

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देतात का? वहिनींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. आमचं क्षेमकुशल जरा खाली लिहितो, कारण ते पुढच्या हकिकतीवर अवलंबून आहे. तुम्ही जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलंत आणि मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करतोय. त्यामुळे आपलं बोलणं आजवर हवापाण्याच्या पुढे कधी गेलं नाही. पण आता त्या इंग्रजीनेच आमच्या घरात असा काही घोळ घातला की तुमच्याशिवाय सांगायचं कोणाला?

झालं असं. ठकीने (तुमच्या भाचीने; शाळेतलं नाव वेगळं आहे, पण हल्ली त्या नावाने हाक मारली तरी ती दचकते) वर्गात धडा मोठ्याने वाचताना 'नाइफ'ला 'क्नाइफ' म्हटलं. पुस्तकात 'के' छापलेला होता, तिने वाचला. यात तिचं काय चुकलं, हे मला अजून कळलेलं नाही. अख्खा वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये तिचं नाव पडलं 'क्नाइफ'. पोरगी आधी रडली, मग चिडली आणि मग गप्पच झाली. शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं, बस निघून गेली की थांबायचं. आता यातली खरी मेख अशी, की तिच्या वर्गाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाई म्हणजे साक्षात तुमची बहीण. म्हणजे घरी जी आई पोट शेकून देणार, तीच शाळेत जाऊन त्याच पोरीच्या वहीवर फुल्या मारणार.

मी ते पुस्तक हातात घेतलं. दादा, राग मानू नका, पण तुमच्या त्या भाषेत देखभाल म्हणून काही होतच नाही. 'वन' हा शब्द घ्या. ऐकताना त्यात 'व' आहे, लिहिताना नाही. आणि 'टू' लिहिताना मध्ये डब्ल्यू आहे, तो तोंडातून ब्र काढत नाही. (मला तर वाटतं, एकातला चोरून दोनात लपवलाय.) मी बसवलेल्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्याचं बटण दाबल्यावर माणूस सातव्यावर पोहोचला, तर लोक मला उभं करतील का? इथे मात्र बटण दाबणाऱ्या लेकरालाच शिक्षा. मी तिरीमिरीत शाळेला अर्ज दिला, की लहान वर्गांतल्या मुलांनी इंग्रजी शब्द ऐकू येईल तसा लिहिला तर तो चूक धरू नये. स्पेलिंग सोपं करायला कोणीतरी कुठेतरी सुरुवात केलीच पाहिजे, असंही ठणकावून लिहिलं. तुमच्या बहिणीला हे अर्ज दिल्यावर सांगितलं. (आधी सांगितलं असतं तर तो दिलाच गेला नसता.)

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येत नाही, कारण भांडणात बोलावं लागतं. ताट समोर यायचं, भाजी असायची, तिच्या तोंडी शब्द नसायचा. मला काही सांगायचं झालं तर ती ठकीकडे बघून "बाबांना सांग" म्हणायची, मीही ठकीकडे बघून "आईला सांग" म्हणायचो. पण निरोप्यानेच तोंड शिवून घेतलेलं, त्यामुळे निरोप ठकीपाशीच साठत गेले. गॅसची टाकी संपत आल्याचा एक निरोप असाच मध्ये अडकला आणि आम्ही कच्चा भात खाल्ला, तोही न बोलता.

मुख्याध्यापिकांनी माझ्या अर्जावर पालकांची सभा बोलावली. सभागृह शाळेच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. मी कामावरून थेट हत्यारांची पिशवी घेऊनच गेलो. शाळेतर्फे उत्तर देणार इंग्रजीच्या बाई, म्हणजे माझ्या समोरच्या खुर्चीत माझीच बायको. ठकीला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. (दार लोटलेलं होतं, पण त्या दारातून टाचणी पडली तरी ऐकू येते. हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.) मी वन-टूची चोरी सांगितली, लोक हसले, टाळ्या पडल्या, मीही जरा फुगलो. तेवढ्यात एक टेम्पोवाले उठले. म्हणाले, "साहेब, तुमच्या पोरीला सोपं शिकवा, माझ्या पोरीला अवघडच शिकवा. उद्या नोकरीला दोघी गेल्या, तर हसतील कोणाला?" एक नर्सबाई म्हणाल्या, की त्यांच्याकडे औषधांची नावं ऐकू येतील तशी लिहायला लागले तर खाटा रिकाम्या होतील, पण घरी पाठवून नव्हे. मग सगळेच एकदम बोलायला लागले.

तुमची बहीण उठली तसे सगळे गप्प झाले. म्हणाली, "स्पेलिंग सोपं व्हावं असं मलाही वाटतं. पण आपण इथे सोपं केलं म्हणून बाहेरची पुस्तकं बदलणार नाहीत. मुलांना एकदा आपलं शिकावं लागेल आणि मग जगाचं. दुप्पट ओझं."

मी म्हणालो, "म्हणजे तोवर पोरीने पोट धरून बसायचं?"

त्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यासमोर ती गप्प बसते. मी जवळ गेले की पाठ फिरवते. लागतं कोणाला जास्त, सांगा ना."

दादा, इतक्या लोकांत, इतक्या दिवसांनी ती माझ्याशी थेट बोलली. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले आणि त्या शांततेत शिपाईमामा दारातून म्हणाले, "बाई, तुमची मुलगी लिफ्टमध्ये शिरली होती हो, आत्ताच."

बाक रिकामा होता. लिफ्ट खालच्या दोन मजल्यांच्या मध्ये कुठेतरी अडकली होती. तुमची बहीण जिना उतरत गेली आणि दाराला कान लावून हाका मारायला लागली. आतून उत्तर नाही. लिफ्टमधली हवा काही संपत नाही, ती तुटून खाली पडत नाही, हे मी आजवर शेकडो घाबरलेल्या लोकांना समजावलंय. त्या दिवशी स्वतःला समजावताना एकही वाक्य पटेना. मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत धावलो, मेन स्विच पाडला. अशा वेळी एकाने ब्रेकचा दांडा ओढून धरायचा आणि दुसऱ्याने चाक हाताने हळूहळू फिरवून लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला आणायची. दांडा टेम्पोवाल्यांनी धरला. पण बरोबरीला आली की नाही, हे वरून दिसत नाही, ते खाली दारापाशी उभ्या माणसानेच सांगायचं. म्हणजे तुमच्या बहिणीने. ती खाली, मी वर, आणि मध्ये जिनाभर पालक निरोप पोचवायला उभे.

ती खालून म्हणाली, "अजून थोडं खाली." (हे मला नंतर कळलं.) माझ्यापर्यंत आलं, "थांबा, आली!" मी थांबलो. ती ओरडली, "थांबलात का?" वर आलं, "लांबलात का?" मी म्हटलं, हे काय विचारणं झालं? खाली तिच्या कानावर गेलं, की ते म्हणतात विचारून सांगतो. टेम्पोवाल्यांनी दांड्यावर सगळं अंग टाकलं. नर्सबाई जिन्यातून किंचाळल्या, "अहो, प्रत्येकाला वेगळं ऐकू येतंय!" मला घाम फुटला, दादा. चाकावरून हात घसरत होता. आणि मी अंदाजाने पुन्हा फिरवायला लागलो, तोच दोर जातात त्या भोकातून, थेट खालून, आवाज आला, "बाबा, हळू! फटीतून उजेड दिसतोय! अजून... अजून... बास!"

कितीतरी दिवसांनी ऐकलेला आवाज. आणि केवढा मोठा! टेम्पोवाल्यांनी दांडा सोडला, मग मी चाक सोडलं, आणि टेम्पोवाले जिन्यात बसून माझ्या आधी रडले. मी खाली पोचून किल्लीने दार उघडलं. ठकी कोपऱ्यात उभी होती. तुमच्या बहिणीने तिला जवळ घेतलं आणि तिने पाठ फिरवली नाही. मी बाजूला उभा राहिलो, तर तुमची बहीण मला म्हणाली, "हात पुसा आधी, काळे झालेत." गॅसच्या टाकीचा निरोप मध्येच अडकला होता, हा थेट पोचला.

सभा तिथेच जिन्यात उरकली. स्पेलिंग आहे तसंच राहणार, पण लहान वर्गांत त्याचे गुण वेगळे आणि सांगायचं काय होतं त्याचे वेगळे. शब्द ऐकू येईल तसा लिहिला तर फुली न मारता शेजारी नेहमीचा लिहून दाखवायचा. ही सूचना तुमच्या बहिणीची. ठकीच्या वह्या आता दुसऱ्या बाई तपासतात. म्हणजे मी हरलो की जिंकलो, हे मला सांगता येत नाही, आणि घरात विचारायची माझी हिंमत नाही. ठकी शाळेत जाते. पोट अजून अधूनमधून दुखतं. परवा आईला म्हणाली, "त्या 'के'लापण कोणीतरी हसलं असेल, म्हणून तो गप्प बसतो." तुमची बहीण स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तेव्हा इकडचं क्षेमकुशल हे असं. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
ठकीचा बाबा

ता. क. वरचं सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. सोबत ठकीने तुम्हाला लिहिलेलं पत्र जोडलंय. इंग्रजीत, पूर्णपणे तिच्या कानांनी ऐकलेलं. मागच्या वेळी तिने तुम्हाला लिहिलं होतं, ते तुम्ही चुका दुरुस्त करून परत पाठवलंत. व्यवस्थित पाठवलंत, पण त्यात तिने विचारलं होतं की मामा, तू कधी येणार, त्याचं उत्तर राहून गेलं. ती अजून वाट बघते. या वेळी पत्र ठेवून घ्या आणि तेवढं कळवा.

ता. क. २. तुमच्या बहिणीने हे वाचलं. म्हणते, अबोला तिने नव्हे, मी धरला होता. शिवाय मी ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका केल्यात की मराठी जशी बोलतात तशीच लिहितात हे माझं भाषण यापुढे बंद. मी बंद केलंय.

ता. क. ३. ठकी म्हणते, उत्तर मराठीत लिहिलं तरी चालेल, पण मामाला सांगा अक्षर सुटं काढ. मागच्या वेळी त्याने काय काय दुरुस्त केलं, ते आम्हा तिघांनाही वाचता आलं नव्हतं.