पिंप्राळ्याच्या घराचा पाया

साहेब,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मला अजून तुमचा राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. तुम्ही जिवंत असताना बोलायला हवं होतं, पण तेव्हा तुमच्यासमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि पुढे बोलायची वेळ आली तेव्हा तुम्हाला ऐकू येईनासं झालं होतं. आता माझंही वय झालं. निवृत्तीनंतर मी जळगावातच राहतो, तुमच्या पिंप्राळ्याच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. रोज सकाळी भाजी आणायला म्हणून निघतो आणि तुमच्या फाटकावरून पुढे जातो. का जातो ते या पत्राच्या शेवटी सांगेन.

जिल्हा परिषदा नुकत्याच झाल्या होत्या आणि मी नवाकोरा ओव्हरसिअर म्हणून शिरपूरला तुमच्या हाताखाली आलो. डिप्लोमाच्या सर्टिफिकेटची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तुम्ही मला पहिल्याच दिवशी जीपमध्ये घालून सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यावर नेलंत, पायाच्या खड्ड्यात उतरवलंत आणि हातात पहार दिलीत. म्हणालात, "मार." मी मारली. "काय ऐकलंस?" मी म्हणालो, "काही नाही." तुम्ही वर उभे राहून हसलात. "पुस्तकातलं सगळं विसर. डोळा फसतो, कान फसत नाही. खाली दगड असला तर पहार टणकारते, मुरूम असला तर कुरकुरते, माती असली तर मुकी होते. आपल्या तापीकाठची काळी माती महा लबाड, उन्हाळ्यात दगडासारखी वाटते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी पळते. मुकी पहार ऐकू आली की आणखी खण, मग कोणी काहीही म्हणो." त्या दुपारी मी निदान शंभर वेळा पहार आपटली असेल. हाताला फोड आले. संध्याकाळपर्यंत मला डोळे मिटून सांगता यायला लागलं. तुम्ही खूश होऊन स्वतःचा पितळी ओळंबा मला दिलात, भिंत सरळ आहे की नाही ते पाहायला दोरीला लावून सोडतात तो. "माझ्या वस्तादाने मला दिला होता," म्हणालात. तो आजही माझ्याकडे आहे. पुढचं सगळं झाल्यावर एकदा तो तापीत फेकायला निघालो होतो, पण पितळ चांगलं होतं.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की तुम्ही अडाणी नव्हता. अडाणी माणसाने माझं वाटोळं केलं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो.

दुसऱ्या वर्षी त्याच भागात पुलाचं काम निघालं. दोन खांबांचे पाये पास झाले. पाया पास करायची तुमची एक पद्धत होती: तुम्ही यायचात, मी खाली उतरून तीन वेळा पहार मारायचो, तुम्ही काठावर डोळे मिटून ऐकायचात आणि म्हणायचात, "भर." साईटच्या वहीत सही मात्र पुढच्या फेरीला. "सही कुठे पळून जाते?" तिसऱ्या खांबाच्या वेळी मे महिना संपत आला होता, आणि पाऊस पडायच्या आत सभापतींना पाया भरल्याचा नारळ फोडायचा होता. मी पहार मारली. मुकी. आणखी एका कोपऱ्यात मारली. मुकी. खड्ड्यातला म्हातारा मुकादम कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "साहेब, पहार मजार जाई ऱ्हायनी. दगड नई शे आठे." पहार नुसती आत जात होती. मी वर पाहिलं. तुमचे डोळे मिटलेले होते. तुम्हालाही ऐकू आलं होतं, साहेब. तुमच्या चेहऱ्यावरची रेघन्‌रेघ मला पाठ होती. मी म्हणालो, "आणखी हातभर खणू या." तुम्ही डोळे उघडलेत, घड्याळ पाहिलंत आणि म्हणालात, "भर." मी खाली तसाच उभा राहिलो, तर सगळ्या मजुरांसमोर ओरडलात, "कान मी दिलेत तुला! मला शिकवतोस?" मी भरला. तेवीस वर्षांचा होतो, तुम्ही देव होता.

पुढच्या पावसाळ्यात तिसरा खांब वीतभर खचला. वरचा स्लॅब कलला आणि पहाटे बाजाराला निघालेली एक गाडी नाल्यात गेली. गाडीवान वाचला, एक बैल गेला. मी पोचलो तेव्हा तो माणूस चिखलात बसून बैलाचं शिंग धरून होता.

मग धुळ्याला चौकशी. मोठ्या साहेबांच्या टेबलासमोर आपण दोघं. त्यांनी विचारलं, "पाया भरायच्या आधी दाखवला होता का?" मी म्हणालो, "हो, साहेबांना दाखवला होता." त्यांनी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या पुढ्यात चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती. तुम्ही ती साय बोटाने बाजूला केलीत आणि म्हणालात, "मला बोलावलंच नाही. पोरगा हुशार आहे, पण उतावळा. वहीत माझी सही आहे का, पाहून घ्या." वहीत सही कुठून असणार! ती पुढच्या फेरीला व्हायची होती, आणि तिसऱ्या खांबाची ती फेरी आलीच नाही. इतक्या थंडपणे हात झटकलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बाहेर व्हरांड्यात मी तुमच्या मागे धावलो. "साहेब, असं का बोललात?" तुम्ही जीपमध्ये बसलात. त्या पांढऱ्या धुळीतून जीप जाताना तुमची टोपी दिसत होती, एवढंच.

माझी धडगावला रवानगी झाली. तेव्हा धडगाव म्हणजे काळं पाणीच, पावसाळ्यात चार महिने वाट बंद. बढती नऊ वर्षं अडली. खात्यात मला 'खच्या' नाव पडलं. माझ्या पाठीमागे नाही, तोंडावर. ते सगळं मी सोसलं. एक नाही सोसलं. माझे वडील अमळनेरजवळच्या खेड्यात शाळामास्तर होते. ते एसटीची धूळ खात धडगावला आले, दोन दिवस राहिले, आणि निघताना पिशवी हातात घेऊन म्हणाले, "खरं सांग, भाऊ. दाखवला नव्हतास ना?" मुलाला भाऊ म्हणायची त्यांची सवय. मी शपथ घेतली. त्यांनी मान हलवली, पण ती मान कशी हलली ते मला दिसलं. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. माझा बाप मला खोटारडा समजून मेला, साहेब, आणि ते तुम्ही सायीसकट बाजूला केलेल्या एका वाक्यामुळे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. रस्त्याच्या कामांवर माणसं कमी पडली म्हणून मला धुळ्याला परत आणलं होतं. तिथे तुमचं पोस्टकार्ड आलं: "निवृत्त झालो. कान गेले. पिंप्राळ्यात घर बांधतोय. पाया ऐकायला ये." बस्स. ना खुशाली, ना आणखी काही. मी ते कार्ड तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. बायको म्हणाली, "जाऊ नका. त्या माणसाचं तोंड पाहू नका." मी गेलो. खरं सांगतो, जाताना माझ्या मनात पाप नव्हतं. मला वाटत होतं, आता हे बोलतील. शेवटी माणसाने बोलावलंय ते कशाला? एक वाक्य बोलले असते, "पोरा, त्या दिवशी चुकलं," तर मी खड्डा दगड लागेपर्यंत स्वतः खणून दिला असता.

तुमच्या मंडळींनी, काकूंनी, आधी जेवायला वाढलं. वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कांद्याची पात. शेजारच्या भाड्याच्या खोलीत तुमचा संसार अजून पेट्यांत बांधलेला होता. तुमच्या कानात यंत्र होतं, ते शिट्टी वाजवायचं आणि तुम्ही वैतागून काढून ठेवायचात. जेवताना तुम्ही प्लॉटबद्दल बोललात, विटांबद्दल बोललात, सिमेंट मिळत नाही म्हणून सरकारला शिव्या घातल्यात. मी वाट पाहत होतो. शिरपूरचं नाव निघालं तेव्हा माझा घास हातातच राहिला. तुम्ही म्हणालात, "शिरपूरचे मजूर काटक. इथले आळशी."

मग आपण खड्ड्यावर गेलो. तुमचे गुडघे गेलेले, म्हणून तुम्ही काठावर काठी टेकून उभे. मी उतरलो. तीच काळी माती. पहार मारली. मुकी. चारही कोपऱ्यांत मारली. सैपाकघराच्या कोपऱ्यात तर ती वीतभर आत गेली. खणणारा पारोळ्याकडचा होता. तो कपाळाला हात लावून मोठ्याने म्हणाला, "आखो दोन हात खंदनं पडी, साहेब. माती शे हाई बठ्ठी." आणखी दोन हात खणा, सगळी मातीच आहे, असं तो सांगत होता; तुम्हाला नुसते त्याचे ओठ दिसले. वाकून मला विचारलंत, "काय म्हणतोय?"

साहेब, त्या क्षणी मला चहावरची साय दिसली. मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "म्हणतोय, दगड लागला!"

तुम्ही हसलात. अगदी तसंच, पहिल्या दिवसासारखं. "तुझ्या कानावर माझा भरवसा आहे," म्हणालात. तो खणणारा माझ्याकडे टकामका पाहत राहिला. मी त्याला हळूच म्हणालो, "भर." तो म्हणाला, "तुम्ही सांगतस तेच खरं, साहेब. आमले काय." गुरूची विद्या गुरूला दिली आणि संध्याकाळच्या एसटीने धुळ्याला परत आलो. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत म्हणतात. मी तर पायाच उखडून आलो होतो, आणि त्या रात्री मला धडगावपासून लागली नव्हती तशी झोप लागली.

तिसऱ्या पावसाळ्यात सैपाकघराच्या कोपऱ्यातून भेग निघाली. चुलीच्या ओट्यामागून खिडकीपर्यंत, पायऱ्यापायऱ्यांनी. मला कळलं तेव्हा मी मुद्दाम रजा काढून पाहायला आलो, आणि ती भेग पाहून मला जो आनंद झाला तो मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता. लाज वाटत नाही लिहायला. तुम्ही त्या भेगेखाली पाट टाकून जेवत होता. मला वाटलं, आता कळेल. आता विचारतील. मग मी सगळं सांगणार होतो, पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून सांगणार होतो. तुम्ही भेगेकडे काठी दाखवून एवढंच म्हणालात, "वाळू खराब निघाली." पुढच्याच हिवाळ्यात गेलात.

तेराव्याला काकू मला बाजूला घेऊन सांगत होत्या. गवंड्याने तुम्हाला तीन-तीनदा सांगितलं होतं, ही भेग पायाची आहे, खाली आधार घ्या. तुम्ही त्याला हाकलून दिलंत. म्हणे, "पायाची असूच शकत नाही. तो पाया माझ्या ओव्हरसिअरने ऐकलाय. तो खोटं बोलणारा माणूस नाही." शेजाऱ्यांना हेच, जावयाला हेच. काकू डोळे पुसत होत्या आणि मी पत्रावळीवरच्या बुंदीकडे पाहत होतो. मला रडू आलं नाही, संताप आला. हेच वाक्य धुळ्याच्या त्या टेबलासमोर एकदा, एकदाच, बोलला असतात तर! माझ्या बापाला ऐकायचं होतं ते वाक्य तुम्ही गवंड्यावर खर्च केलंत. आणि माझा सूड? ज्याच्यावर उगवला त्याला कळलाच नाही, तर तो सूड कसला? म्हणून हे पत्र. नीट ऐका, आता तुम्हाला यंत्र लागत नसेल. दगड नव्हता, साहेब. पहार मुकी होती. मी खोटं बोललो, आणि तुमचंच बघून शिकलो.

इथेच थांबायचं होतं. पण गेल्या आठवड्यात काकूंनी फाटकातून हाक मारली. ऐंशीच्या घरात आहेत, एकट्याच राहतात, लेक नाशिकला न्यायला तयार आहे पण "यांचं घर" सोडत नाहीत. भेगेत आता माझं बोट जातं. मुंग्या येतात म्हणून त्यांनी तुमच्या जुन्या धोतराच्या चिंध्या कोंबल्यात. मी दुसऱ्या दिवशी तुमचा ओळंबा घेऊन गेलो आणि भिंतीला लावला. भिंत बाहेर कललीय, चार बोटं. रोज सकाळी फाटकावरून जातो तो तेच पाहायला, आज आणखी किती. पूर्वी मजेने पाहायचो. काकू ओट्याशी चहा गाळत होत्या, बरोबर त्या भिंतीखाली. मान न वळवता म्हणाल्या, "पायाची तर नाही ना रे? तू सांगशील ते मी धरून चालते."

मी दोरी गुंडाळली. चहावर साय आली होती.

"नाही काकू," म्हणालो. "प्लास्टर सुटलंय."

हे पत्र पेटीत टाकायचा प्रश्नच नाही, तुमचा पत्ता कुठला लिहू? पण खरं सांगायचं तर हे पत्र तुम्हाला लिहायचं नव्हतंच. ते पिंप्राळ्यात काकूंना लिहायला हवं होतं, चार ओळींचं. तीन दिवस कागद घेऊन बसतोय. ते मला लिहिता येत नाही.