जुवाला दिलेलं आवतन

बाई, तुमची खुर्ची अजून तिथंच आहे, मधल्या दाराशी, जिथून तुम्हाला संग्रहालयाच्या दोन्ही खोल्या दिसायच्या आणि मागच्या स्वयंपाकघरातलं दूधही. वेत दोनदा बदलून घेतला. तिच्यावर कोणी बसत नाही, मीसुद्धा नाही. मी आपली स्टुलावर. आज पोळ्याचा आदला दिवस आहे. सकाळी गेटवरचा फळा पुसून मी पुन्हा तुमचंच लिहिलं, ‘संग्रहालयाला स्वयंसेवक पाहिजेत. पगार नाही. चहा मिळेल. भित्र्यांनी येऊ नये.’ शेवटचं वाक्य तुम्ही गमतीनं लिहिता असं मला तेव्हा वाटायचं. दिग्रसच्या लोकांना अजून तसंच वाटतं. फळ्याचे फोटो काढतात, हसतात आणि बसस्टँडकडं निघून जातात.

मी आले ते फळा वाचून नव्हे, तुमच्या तडाख्यात सापडून. शाळेत तुम्ही आम्हाला इतिहास शिकवायच्या तेव्हाही मी तुम्हाला चळचळा कापायची. पुढे बी.ए. होऊन घरी बसले, स्थळं येत होती आणि चहा-पोहे खाऊन जात होती, तेव्हा तुम्ही मला भर बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी गाठलंत. घरी बसून काय करून राह्यली, म्हणालात. मी म्हटलं, काहीच नाही. तर म्हणे, मंग उद्यापासून माझ्याकडे येऊन काहीच नको करू. बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसच्या त्या दोन खोल्या शेतीच्या जुन्या सामानासाठी तुम्ही स्वतःच्या पेन्शनीतून रंगवल्या होत्या. काम म्हणजे झाडणं, लाकडाला जवसाचं तेल लावणं, कोपऱ्यांत निंबाचा पाला ठेवणं, आणि कोणी वस्तू घेऊन आलं तर आधी पाणी देणं. पहिल्याच दिवशी मी पेरणीची एक जुनी तिफण ओल्या फडक्यानं खसाखसा पुसायला घेतली, तर तुम्ही फडकंच हिसकावलंत. घरच्या म्हातारीचं तोंड असंच पुसतं का, असं विचारलंत. मला रडू आलं होतं. चहा मात्र तुम्ही त्या दिवशी दोनदा दिलात.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगावच्या गोठ्यांतून बैल निघून जात होते आणि त्यांचं सामान मागं राहत होतं. ते जाळवत नाही, विकवत नाही, म्हणून लोक आपल्याकडे आणून द्यायचे. कायले देता हे विचारायचं नाही, बैलांची नावं तेवढी विचारायची, असा तुमचा नियम. बोरी अरबकडची ती काकू तुम्हाला आठवत असेल. ती एस.टी.नं जू घेऊन आली होती. कंडक्टरनं जुवाचंही तिकीट फाडलं तर ही त्याला म्हणे, तिकीट घेतो तं याले बसाले जागा बी दे. आम्ही हसलो, तीही हसली. मग पाणी पिऊन झाल्यावर ती खालच्या आवाजात बोलली. “बैल गेले तवापासून हे भिंतीले टेकून ठेवलं होतं. पहाटे दिसते अन् मी चारा टाकाले उठते. गोठ्यात कोणी नसते, मॅडम. पर चारा सकाळी संपलेला असते.”

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही हसाल, निदान उंदीर-घुशींचं नाव काढाल असं वाटलं. तुम्ही उठून ते जू स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुंटीला टांगलंत आणि काकूला म्हणालात, हे इथं चुलीजवळ राहीन. मला वाटलं, बाई तिचं मन राखताहेत.

त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी झेडपीच्या शाळेतली पोरं आली. त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी आता बैल नव्हता. म्हणून मीच हौसेनं काकूचं जू खाली काढलं, बैलांचे खांदे मळतात तसं पळसाच्या पानानं त्याला तूप-हळद लावली, आणि घरोघरी बैलाच्या कानात म्हणतात ते मोठ्यानं म्हणून दाखवलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोरं खिदळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वळून पाहते तर तुम्ही दारात. तुमचा असा चेहरा मी शाळेतही कधी पाहिला नव्हता. पोरं जाईपर्यंत तुम्ही थांबलात.

“आवतन कोणाले देल्लं तू?”

“कोणालेच नाही बाई, दाखवून राह्यली होती.”

“आवतन दाखवाचं नसते. देल्लं का देल्लं. उद्या लवकर ये, सैपाक करा लागीन.”

म्हातारपणी बाईंचं डोकं फिरलं, असं मी घरी आईला सांगितलं. तरी गेले, कारण तुमचं न ऐकायची माझी छाती नव्हती. तुमच्या त्या बुटक्या स्वयंपाकघरात तुम्ही पुरण वाटत आहात, मी पोळ्या लाटते आहे, आणि बाहेर मैदानात तोरणाखाली पोळा भरला आहे. डफडं वाजतंय, झडत्यांची कवनं म्हणणाऱ्यांचे आवाज येताहेत. गावातले उरलेसुरले सगळे बैल तिथं उभे आहेत. तुम्ही सुपात पुरणपोळ्या मांडल्यात, सूप काकूच्या जुवासमोर ठेवलंत, बाहेरचं दार आतून कडी लावून बंद केलंत आणि आपण दोघी मधलं दार लोटून इकडे स्वयंपाकघरात पाटावर बसलो. मला हसू येत होतं. मग पलीकडं कोणीतरी जोरानं नाकातून श्वास सोडला. सुपाच्या बांबूवर खरखरीत जीभ फिरल्याचा आवाज आला, एकदा, मग सावकाश पुन्हा पुन्हा. मी तुमचा पदर घट्ट धरला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, घरचं माणूस पोटभर जेवतंय की नाही ते ऐकावं तसं.

दार उघडलं तेव्हा खोलीत कोणी नव्हतं, सूप ओलं होतं आणि बाहेरच्या दाराची कडी जशीच्या तशी. ओल्या जनावराचा वास मात्र दाटून आला होता. तुम्ही माझा हात धरून जुवाच्या खालच्या बाजूवर ठेवलात, जिथं बैलाचा खांदा टेकतो तिथं. गरम होतं. बाकी लाकूड श्रावणातल्या भिंतीसारखं गार, आणि तेवढ्याच दोन जागा गरम. मी हात मागं घेतला. तुम्ही म्हणालात, उपाशी नाही गेले. आणि मग, एका जोडीले देल्लं, पण बाकीच्यांनी आयकलं असन, पुढच्या साली सगळ्यांलेच द्या लागीन. जाताना तुम्ही तुमचं पुरणयंत्र माझ्या पिशवीत टाकलंत. मला वाटलं, मी घाबरले म्हणून बाई लाड करताहेत. लाड कसले, तुम्ही मला बांधून टाकलंत. याचा मला पुष्कळ वर्षं राग होता, बाई. नागपूरचं चांगलं स्थळ मी या दोन खोल्यांपायी जाऊ दिलं, ते काय मला लग्न नको होतं म्हणून?

तुम्ही गेलात त्यानंतर मी एकच पोळा चुकवला. डोळ्याच्या ऑपरेशनला यवतमाळात होते. तेव्हा एक रिटायर्ड कंपाउंडर स्वयंसेवक म्हणून यायचे, मोठे हुशार, कशालाच न भिणारे. त्यांना सगळं समजावून गेले. त्यांनी आवतन दिलं, नक्कल करत, हसत हसत. सैपाक केला नाही. लाकडाले पोळ्या चाराले मी का येडा आहो, म्हणाले. मी परत आले तर दोन्ही खोल्यांतली जुवं खुंट्या सोडून स्वयंपाकघराच्या बंद दाराशी येऊन पडलेली, एकाला एक खेटून, जेवणाच्या वेळी गोठ्यातली जनावरं दाराकडे मान करतात तशी. दाराच्या फळीवर खालच्या अंगाला घासल्याच्या खुणा आहेत, अजून आहेत. कंपाउंडरांनी किल्ली आपल्या घराच्या खिडकीतून माझ्या हातात दिली, दार उघडलं नाही.

आता माझे गुडघे बोलतात. दिवाळीनंतर भाऊ मला अमरावतीला नेणार आहे, खोली रंगवून ठेवली आहे त्यानं. पुढच्या पोळ्याला इथं कोण, या एका काळजीनं मला वर्षभर धड जेवण गेलं नाही. महिन्यापूर्वी एक मुलगी आली, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, मुकुटबनकडची, इथं खोली घेऊन राहते. आल्या आल्या विचारलं, सर्टिफिकेट मिळते का? मी म्हटलं, चहा मिळते. तरी येत राहिली. वस्तू कोरड्या फडक्यानं, दमानं पुसते. मी शिकवलं नव्हतं. आज तिच्यासमोर मी सगळ्या जुवांना तूप-हळद लावली, आवतन दिलं. मग तिनं आपणहून काकूच्या जुवाखाली हात घातला. “मावशी, हे एवढंच गरम काहून आहे?” आजवर आदल्या दिवशी ते कधी गरम नसायचं. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं, खुणांसकट. आता पळेल, असं धरून चालले होते. तिनं पदवीधर मुलीसारखा वादही घातला थोडा. मग ओढणीला हात पुसले आणि विचारलं, “मंग उद्या डाळ किती लागन?”

ती गेली आणि मी रडले, बाई. सुटले म्हणून रडले, आणि जसं तुम्ही मला बांधलंत तसंच मी तिला बांधते आहे म्हणूनही. किल्ली द्यावी की खोल्यांना कुलूप ठोकावं, हे मला एकटीला ठरवता येत नाही. हे पत्र पोस्टात पडणार नाही. पुरणयंत्राच्या डब्यात घडी करून राहील. ऊन कलताना पळसाचं एक पान उरलं होतं. उरलेलं तूप-हळद मी तुमच्या खुर्चीच्या दोन्ही हातांना लावलं आणि पाठीशी वाकून ते सगळं म्हटलं, अगदी उद्या जेवाले या इथपर्यंत. एका माणसाची डाळ जास्त भिजवली आहे. भीती वाटते आहे मला, खोटं कशाला बोलू. पण एवढं कबूल करते, या वेळी मी दाखवून राह्यली नव्हती.