झेंड्याच्या बाजूने

१४ जून २०२५, ओकव्हिल

विषय मिळाला! मराठी मंडळाच्या कॅनडा डेनिमित्तच्या वादविवादाला – ‘राष्ट्रध्वजाच्या अपमानावर घटनादुरुस्ती करून बंदी घालावी.’ मी बंदीच्या बाजूने. विरोधात कोण? आमचीच कन्या, गौरांगी! युनिव्हर्सिटीत गेली काय, बाईसाहेब आता आईला घटना शिकवणार.

प्रताप म्हणाला, “मी कुणाच्याच बाजूने नाही. मला दोघींबरोबर जेवायचंय.” शहाणा नवरा.

१९ जून

जेवताना ठिणगी पडलीच. मी म्हटलं, नागपूरला शाळेत झेंडा उतरवताना टोक जमिनीला लागेल की काय, म्हणून आमचा श्वास अडकायचा. इथे भर चौकात जाळला तरी कायदा गप्प!

“यू नीड सेव्हन प्रॉव्हिन्सेस फॉर दॅट, आई. दे कान्ट अ‍ॅग्री ऑन विंटर टायर्स!”

सात प्रांतांची संमती मिळाली तरच घटना बदलते म्हणे! हसू आलं, पण दाखवलं नाही. मग म्हणाली, झेंडा जाळणाऱ्याच्या मनात काय होतं, हे ठरवणार कोण? उत्तर स्टेजसाठी राखून ठेवलंय.

२८ जून

जिंकले! जिंकले!! जिंकले!!!

पोरगी छान बोलली, नाही म्हणत नाही. शेवटी तिने हुकमी प्रश्न टाकला – “हू डिसाइड्स व्हॉट ही मेंट?” आणि मी उठले. म्हटलं, मनातलं विचारायचंच कशाला? मूर्तीला लाथ मारून कुणी म्हणालं, माझ्या मनात भक्ती होती, तर चालेल? जे डोळ्यांना दिसलं, तोच गुन्हा!

टाळ्या म्हणजे काय टाळ्या! आमच्या अध्यक्षीणबाई, स्वप्नाली, उभ्याच राहिल्या. करंडक माझा. गौरांगीने मिठी मारली – “यू वेअर स्केअरी, आई.” कौतुकच समजते.

आणि १७ जुलैला नागरिकत्वाची शपथ. देश माझा व्हायच्या आधीच त्याच्या झेंड्यासाठी भांडले! अंगावर मूठभर मांस चढलंय.

२९ जून

डेकवरच्या झेंड्याच्या हिवाळ्यात पार चिंध्या झाल्या होत्या. परवाच्या कॅनडा डेला नवा आणलाय. जुन्याचं काय? प्रताप म्हणाला, कचऱ्यात टाक. झेंडा? कचऱ्यात? आपण देवाचा जुना फोटोसुद्धा कचऱ्यात टाकत नाही!

स्वच्छ धुतला, सरोवरावर नेला. हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं, नमस्कार केला आणि पाण्यात सोडला. बुडेचना! मग काठीने हळूच खाली ढकलला. डोळे भरून आले.

कुत्रा फिरवायला आलेली एक बाई काठावर फोन धरून उभी होती. मी हसून हात केला.

३० जून

करंडक हॉलमध्ये, बरोब्बर दारासमोर ठेवला. येणाऱ्याला दिसलाच पाहिजे!

१ जुलै

त्या बाईने व्हिडिओ काढला होता. गावभर फिरतोय. बाई झेंड्यावर लाल-पिवळं काहीतरी फेकते, काठीने पाण्यात बुडवते, वर हसून हात हलवते. खोटं काहीच नाही. जे दिसलं ते दिसलं.

खाली शेकडो कमेंट्स – हिला परत पाठवा. माझी शपथ! ती आता होऊ देतील? नवा झेंडा लावायला बाहेर पडायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

स्वप्नालीचा मेसेज – “नीलिमाताई, ग्रुपवरचा तुमचा करंडकाचा फोटो तूर्त काढून टाकलाय हं.”

गौरांगी सकाळपासून एकेकाला उत्तर लिहितेय. मागे जाऊन वाचलं. प्रत्येकाला तेच – माझ्या आईने झेंड्याला मान दिला होता. तिच्या मनात काय होतं, ते आधी तिला विचारा.

२ जुलै

पोलीस आला. पहिलाच प्रश्न – “व्हॉट डिड यू मीन बाय इट, मॅम?”

शाळा, देव, फूल – सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, गुन्हा नाही, इथे तसा कायदाच नाही. फक्त पाण्यात कापड टाकू नका. आणि शपथेसाठी शुभेच्छा!

तो गेल्यावर नवा झेंडा लावला. करंडक गौरांगीच्या टेबलावर ठेवून आले.