बॅकअप सर्व्हरची पेटी

४ मार्च, सोमवार
येत्या रविवारी कारखान्याची वीज दिवसभर बंद! वायरमन म्हणतो, "मॅडम, सगळं वायरिंग उपटणार. सहाच्या आत काही मागू नका." म्हणजे मेल सर्व्हरही बंद. चष्म्याच्या काचांच्या ऑर्डरी मेलवरच येतात, दुकानं तर रविवारीही पाठवतात. साहेब निवांत— "बॅकअप आहे ना तुमचा?"
आहे. शाखेत आहे. मुख्य सर्व्हर बंद पडला की मेल तिकडे जायचे, त्याने ते धरून ठेवायचे, मुख्य चालू झाला की इकडे पाठवायचे. तीन वर्षांपूर्वी मीच लावला. पण मुद्दाम तपासला कधी? नाही! या आठवड्यात तपासणारच.

५ मार्च
जेवताना आईने पुन्हा माझ्या धाकट्या बहिणीचा विषय काढला. "अगं, तिने लिहिलं असेलही." मी ताटावरून उठले.
गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, धाकटी आली नाही. त्याआधी आमचं कडाक्याचं भांडण झालेलं. मी बजावलं होतं— मला विचारल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही. तिचे फोनही घेत नव्हते. नंतर म्हणाली, "ताई, तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर मेल केला होता, येऊ का म्हणून. तू उत्तरच दिलं नाहीस." मी म्हटलं, खोटं बोलू नकोस, माझ्या सर्व्हरवर मेल हरवत नाही.
चौदा महिने झाले. बोलणं बंद. आई बिचारी दोघींचे निरोप पोचवत असते.

६ मार्च
जेवणाच्या सुट्टीत मुख्य सर्व्हर बंद केला. घरच्या पत्त्यावरून स्वतःलाच मेल पाठवला. परत आला नाही— छान, म्हणजे बॅकअपने घेतला. वीस मिनिटांनी सर्व्हर चालू केला. वाट पाहिली. चहा झाला तरी मेल नाही. दुसऱ्यांदा करून पाहिलं, तोही गडप! पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, इकडे कोणाला पत्ताच नाही.
सोडणार नाही.

७ मार्च
सापडलं! बॅकअपच्या सेटिंगमध्ये दोन याद्या असतात. कोणाचे मेल स्वतःकडे ठेवायचे आणि कोणाचे पुढे पाठवायचे. आपलं डोमेन, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या मेल-पत्त्यांचं सामाईक नाव, मी पहिल्या यादीत घातलं होतं. एका ओळीची चूक. तीन वर्षं तो इमानेइतबारे सगळं स्वतःच्या पेटीत टाकत बसलाय. तीन हजारांवर मेल आहेत! बहुतेक कचरा— लॉटरी, वजन घटवा. कचरेवाले मुद्दाम बॅकअप गाठतात, तिथे पहारा ढिला असतो.
मग आठवलं. डिस्क जळून मुख्य सर्व्हर दोन दिवस बंद पडला होता, तो आईच्या ऑपरेशनच्याच आठवड्यात. तेव्हा दोन दुकानदारही ओरडले होते, "ऑर्डर पाठवली होती हो!" त्यांनाही मी खोटं पाडलं. बिचाऱ्यांनी वर माफी मागून परत पाठवल्या.
पेटीतले मेल उघडले नाहीत. आधी सर्व्हर नीट करीन, मग. घाबरले आहे, हे इथे तरी कबूल करते.

८ मार्च
याद्या दुरुस्त केल्या. कारखान्यातल्या प्रत्येकाचा पत्ताही बॅकअपला दिला, म्हणजे नसलेल्या माणसांच्या नावचा कचरा दारातच अडेल. पुन्हा सुट्टीत सर्व्हर बंद. शाखेतल्या स्टोअरकीपरबाईंनाही त्यांच्या पत्त्यावरून एक मेल टाकायला लावला. चालू केल्यावर दोन्ही आले! बाईंनी लिहिलं होतं, "आता तरी जेवून घ्या."
साहेबांना सांगितलं, चूक माझी होती. "कसली चूक? कोणाला कळलंही नाही."
तेच तर!

९ मार्च
पेटीत धाकटीचा पत्ता शोधला. एकच मेल.
"ताई, आईचं ऑपरेशन परवा आहे ना? येऊ का? रागावली असशील तर राहा रागावलेली, पण फक्त हो म्हण. बॅग भरून बसले आहे."
मी पुरती चुकले. आईला वाचून दाखवला. ती चष्मा काढून पुसत राहिली.

१० मार्च, रविवार
नऊला वीज गेली. बॅकअप ऑर्डरी धरून ठेवतोय, पाहिलं.
मग धाकटीला फोन लावला. घाबरून म्हणाली, "आई बरी आहे ना?"
म्हटलं, "बरी आहे. तुझा मेल मिळाला गं."
मग हळूच—"मग? येऊ का?"
हो म्हटलं.